घाबरायचं कोणाच्या कॅप्टनने?

“मला एकच गोष्ट कळली नाही,” नेहा म्हणाली. “दोघंही जिंकतायत. मग परत का जातात?”

आम्ही मिक्सिंगच्या खोलीत बसलो होतो. पडद्यावर दोन अंतराळयानं एकमेकांकडे पाठ फिरवून निघाली होती आणि चित्र तिथेच थांबवलेलं होतं. नेहा खराडीहून आली होती. इंटरनेटवर मालिका दाखवणाऱ्या एका कंपनीत ती नोकरी करते. मराठी आवाज पास करायचा की नाही, हे तिच्या हातात असतं.

“म्हणजे कसं म्हणता?” मुनीरभाईंनी विचारलं. मुनीरभाई म्हणजे आमच्या स्टुडिओचे मालक.

“बघा ना सर. कॅप्टन रॉस म्हणतो, तुम्ही संपलात. वेरिक म्हणतो, तुम्हीच संपलात. दोघंही एकदम कॉन्फिडंट. शेवटी समोरासमोर येतात, नुसतं बटन दाबायचं बाकी, आणि दोघंही यू-टर्न मारतात. काल तुम्ही पाठवलेलं रफ मिक्स मी घरी लावलं होतं. आई म्हणाली, गॅस बंद करायचा राहिला असेल दोघांचा.”

आमची मिक्सिंग इंजिनिअर केतकी हसली आणि लगेच गप्प झाली. मी जमिनीकडे बघत होते. आमच्याकडचे दुसरे डायरेक्टर शिरीष लिमये छताकडे बघत होते. आम्ही दोघं एका खोलीत असलो की एवढीच दोन ठिकाणं उरतात.

मी डबिंग डायरेक्टर आहे. परभाषेतल्या चित्राला मराठी आवाज बसवून घेणं हे माझं काम. कलाकार काचेपलीकडच्या खोलीत माइकपुढे उभा राहतो. त्याच्या कानात मूळ आवाज असतो आणि समोर पडद्यावर बोलणाऱ्याचे ओठ. मी काचेच्या अलीकडे बसते आणि एक बटन दाबून त्याच्या कानात बोलते. त्या बटनाला टॉकबॅक म्हणतात. लोकांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. पडद्यावर एकमेकांशी बोलणारी दोन माणसं आमच्याकडे एकत्र बोलत नाहीत. प्रत्येक जण आपापल्या वेळेला येतो, आपली वाक्यं म्हणतो आणि जातो. नवरा सोमवारी भांडतो, बायको गुरुवारी उत्तर देते. दोन्ही जोडायचं काम केतकीचं.

आमचा स्टुडिओ कर्वेनगरमध्ये, एका सोसायटीच्या तळघरात आहे. रेकॉर्डिंगच्या दोन खोल्या, मध्ये मिक्सिंग. मुनीरभाईंचे आजोबा शहरात लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे, वडील सभांना. आम्ही तीन पिढ्या पुणेकरांचे कान सांभाळले, असं मुनीरभाई म्हणतात. सांभाळले की बिघडवले, यावर वरच्या मजल्यावरच्यांचं वेगळं मत आहे.

ही मालिका जुनी, परदेशी. आपल्याकडे घरोघरी टीव्ही यायच्या आधीची. प्लायवूडची यानं, लुकलुकणारे दिवे, आणि त्यात जीव तोडून काम करणारी माणसं. ती पहिल्यांदा मराठीत येणार होती. नमुना म्हणून एक भाग आधी करायचा होता. तो पास झाला तर पुढची सगळी मालिका आमची, नाही तर ती मुंबईला जाणार होती.

अलीकडे आमच्या धंद्यात यंत्रं शिरली आहेत. मजकूर भरला की यंत्र मराठीत बोलतं. जेवल्याशिवाय, चहाशिवाय, तक्रारीशिवाय बोलतं. तेव्हा इतकं लांबलचक काम पुन्हा माझ्या वाट्याला येईल असं मला वाटत नव्हतं. ही मालिका मला हवी होती. मनापासून, हावरटासारखी हवी होती.

अडचण अशी की ती लिमयांनाही तितकीच हवी होती. आणि कंपनीला डायरेक्टर म्हणून एकच नाव हवं होतं.

मुनीरभाईंना कोणाला दुखवायला आवडत नाही. त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला होता. “भाग घाईचा आहे,” ते म्हणाले होते. “दोन यानं आहेत, दोन खोल्या आहेत. रॉसचं यान मंजिरीताईंचं, वेरिकचं लिमयेसाहेबांचं. ज्याच्या बाजूला कमी दुरुस्त्या निघतील, मालिका त्याची. मी मध्ये पडणार नाही.”

लिमये आणि मी एके काळी चांगले मित्र होतो. बालनाट्यांत एकत्र कामं केली, एकाच वर्षी डबिंगमध्ये आलो. मग एकदा माझा एक चित्रपट सगळ्यांना दाखवला तेव्हा कोणीतरी त्यांना विचारलं, कसा झालाय. ते म्हणाले, “छान आहे. आवाज बंद करून बघा.” सगळे हसले. पुण्यात असं बोलणं म्हणजे कौतुकच, अशी माझी समजूत घालायला पुढे बरेच जण आले. मी ऐकलं नाही. अठ्ठावीस वर्षं आम्ही तिसऱ्या माणसामार्फत बोलत होतो. तो तिसरा माणूस हल्ली केतकी असायची.

नेहाने बॅग उचलली. “कोणता तरी एक कॅप्टन घाबरलेला पाहिजे,” ती म्हणाली. “मग शेवट समजेल. कोणता, ते तुम्ही ठरवा. मला कोणताही चालेल. फक्त उद्या संध्याकाळी मला ऐकायला पाहिजे. परवा मला वर दाखवायचंय.”

“आणि नाही जमलं तर?” मुनीरभाईंनी विचारलं.

“तर मुंबईचे लोक थांबलेलेच आहेत, सर. आय ॲम सॉरी.”

ती गेली. खराडीपर्यंतच्या ट्रॅफिकची तिला घाई होती.

आता गोष्ट सरळ होती. एका कॅप्टनची सगळी वाक्यं पुन्हा घ्यायची. ज्याच्या कॅप्टनची घेतली जातील, त्याच्या नावावर दुरुस्त्यांचा ढीग. म्हणजे मालिका दुसऱ्याची. मुनीरभाईंच्या हे लक्षात आलं आणि ते फोन आल्यासारखं करून बाहेर निघून गेले.

“केतकी,” मी म्हणाले, “लिमयांना सांग, वेरिक हा मुळात पळून चाललेल्या यानाचा कॅप्टन आहे. घाबरायचं तर त्याने.”

लिमये माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते.

“केतकी, मंजिरीबाईंना सांग, पळणारा रस्ता शोधत असतो. त्याला घाबरायला वेळ नसतो. पाठलाग करणाऱ्यालाच पुढचं दिसत नाही.”

“केतकी, त्यांना म्हणावं, पाठलाग करणारा घाबरला तर तो पाठलाग कशाला करेल?”

“हे त्यांनाच विचार. त्या इतकी वर्षं कशाला करतायत?”

केतकीने हेडफोन कानाला लावले. “मला काही ऐकू येत नाहीये,” ती म्हणाली. “तुमचं झालं की हात वर करा.”

लिमये उठून दुसऱ्या खोलीत गेले. मी ऑफिसात जाऊन दार लावून घेतलं आणि तो भाग मूळ आवाजात पहिल्यापासून लावला. मला पुरावा हवा होता. वेरिक घाबरलेला आहे हे चित्रात सापडलं, तर मुनीरभाईंपुढे ठेवता आलं असतं.

कथा साधी आहे. दोन शत्रुराष्ट्रांची दोन यानं, वेरिकचं पळणारं आणि रॉसचं पाठलाग करणारं. झटापटीत दोन्ही जायबंदी झालेली. एक मेलेला चंद्र आहे, आणि त्याच्या दोन बाजूंना दोघं लपून बसलेत. कोणाला कोणी दिसत नाही. फक्त रेडिओ चालू आहे. प्रत्येक जण दुसऱ्याला धमकावतो, बाहेर ये म्हणतो. यानांतली हवा कमी होत चाललीय. समोरच्याकडे किती दारूगोळा उरलाय, हे कोणालाच ठाऊक नाही. अख्ख्या भागात दोन कॅप्टन एकमेकांना भेटत नाहीत. एकदाही नाही.

मूळ नट जुन्या वळणाचे. चेहरे दगडासारखे. ओठ जेमतेम हलतात. आवाज इतके सपाट की त्यावर तुम्ही काहीही चढवू शकता. आम्ही तेच केलं होतं. मी माझ्या रॉसला टॉकबॅकवर सांगितलं होतं, “पाठक, तुम्ही त्याला कोंडलंय. आता फक्त त्याने कबूल करायचं बाकी आहे.” लिमयांनी त्यांच्या वेरिकला काय सांगितलं असेल, ते ऐकूनच कळत होतं. नेमकं हेच.

या वेळी मी फक्त वेरिककडे बघत राहिले. आधी मी त्याच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. तो माझा नव्हता ना.

आणि सापडलं. सुरुवातीच्याच एका दृश्यात वेरिक रेडिओवर अगदी थंडपणे धमकी देतो. त्याच वेळी त्याचा डावा हात खुर्चीच्या हाताखाली जातो आणि तळवा हळूच पँटला पुसतो. त्याच्या माणसांना दिसू नये असा. क्षणभराचंच काम. त्या वेळी ओठ हलत असतात, आणि डबिंगवाल्याचे डोळे ओठांवर असतात. लिमयांच्या हातून ते सुटलं होतं.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठले. लिमये चुकले होते! चित्रात चुकले होते, सगळ्यांना दाखवता येईल असे चुकले होते. मी मुनीरभाईंना हाक मारायला दारापर्यंत गेलेसुद्धा.

मग वाटलं, माझी बाजू एकदा पक्की करून घेऊ. ते उलटून विचारणार, तुमच्या रॉसचं काय. मी परत बसले आणि फक्त रॉसला बघितलं.

रॉस आपल्या अधिकाऱ्याला विचारतो, “हवा किती उरली?” अधिकारी सांगतो. मग रेडिओवर चकमक होते. लगेच रॉस पुन्हा विचारतो, “हवा किती उरली?” अधिकारी जरा थांबतो आणि पुन्हा तेच उत्तर देतो. मी हे दोन्हीदा कडक आवाजात घेतलं होतं. शिस्तीचा कॅप्टन, सारखी चौकशी ठेवणारा. आता त्या अधिकाऱ्याचा चेहरा बघितला. तो कॅप्टनकडे काळजीने बघत होता. रॉस शिस्तीने विचारत नव्हता. आपण हे आत्ताच विचारलंय, हेच तो विसरला होता.

मी ती जागा पुन्हा लावली. मग पुन्हा. दर वेळी तेच दिसलं. माझा रॉस भेदरलेला होता, आणि मी त्याला पाटलासारखं बोलायला लावलं होतं.

मला राग आला. लिमयांचा, मुनीरभाईंचा आणि त्या मेलेल्या नटाचा, इतकं बारीक काम करून ठेवल्याबद्दल. रॉस जिंकावा असं मला वाटत होतं, कारण मला जिंकायचं होतं. एवढा उघड प्रकार, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवावर तो मला दिसला नाही.

पुरावा माझ्या हातात होता. तो दाखवला असता तर काम भागणार होतं. वेरिक घाबरला असता, शेवट कळला असता, नेहाने भाग पास केला असता. रॉसचं कोणाला काही कळलं नसतं. त्यात खोटं काही नव्हतं, अर्धं खरं होतं. शेवटी रॉस बदलायचं ठरवलं, ते काही थोरपणाने नाही. तो “हवा किती उरली” दर भागाच्या वेळी माझ्या कानात वाजत राहिला असता, आणि तशी मालिका मला करता आली नसती.

मी अनंत पाठकांना फोन लावला. ते इथल्याच एका कॉलेजात शिकवतात.

“उद्या सकाळी, लेक्चरच्या आधी या. रॉस सगळा परत घ्यायचाय.”

“सगळा? का? चांगला झाला होता ना?”

“चांगला झाला होता. चुकीचा झाला होता.”

सकाळी लिमये स्टुडिओत नसतात, हे मला ठाऊक होतं. त्यांचा वेरिक म्हणजे हेमंत शिर्के. मार्केट यार्डात त्यांचा भुसाराचा गाळा आहे. सकाळभर बोली करून करून त्यांचा आवाज जो बसतो, त्या बसलेल्या आवाजालाच आमच्या धंद्यात मागणी आहे. ते दुपारनंतरच येतात आणि लिमयेही मग दुपारनंतरच.

पाठक आले. पहिलं वाक्य म्हणाले, आणि आवाज थरथरवला. शिक्षक माणूस, वर्गात नाट्यवाचन करण्याची सवय.

मी टॉकबॅक दाबला. “पाठक, भीती दाखवू नका. लपवा. तुमच्या मागे तुमची माणसं उभी आहेत. त्यांना कळता कामा नये.”

पुन्हा म्हणाले. आता आवाज पुन्हा पाटलाचा झाला. मधलं काही निघेना. त्यांची लेक्चरची वेळ जवळ येत होती आणि ते घड्याळाकडे बघायला लागले होते.

शेवटी मी उठले, स्टीलचा पेला काठोकाठ पाण्याने भरला आणि काचेपलीकडे नेऊन त्यांच्या हातात दिला.

“पिऊ?”

“नाही. असाच धरा. एक थेंब सांडता कामा नये. आणि वाक्यं म्हणा.”

काचेअलीकडून केतकी ओरडली, “मॅडम, माइक! खाली वायर आहेत!”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “पाठक, सांडलं तर माइक गेला. चला.”

पाठकांची मान ताठ झाली. डोळे पेल्यावर. आणि तोंडातून रॉस बाहेर आला. सावकाश, जपून, एकेक शब्द जागेवर ठेवत. “कॅप्टन वेरिक, तुमचं यान आमच्या टप्प्यात आहे. इंजिन बंद करा आणि बाहेर या.” या माणसाच्या हातात काहीतरी काठोकाठ भरलंय, आणि त्याला ते कोणाला कळू द्यायचं नाही, हे मला काचेतून ऐकू येत होतं. सगळी वाक्यं त्याच पेल्यावर घेतली. पाणी सांडलं नाही. पाठकांनी शेवटी ते पिऊन टाकलं आणि कॉलेजात पळाले.

“केतकी,” मी निघताना म्हणाले, “हे लिमयांना सांगू नकोस. मुनीरभाईंनाही नको. संध्याकाळी ऐकतील तेव्हा कळेल.” माझं हसं व्हायचंच असेल तर ते एकदाच व्हावं, असं माझं म्हणणं होतं.

“मी कोणालाच काही सांगत नाही,” केतकी म्हणाली. “मी फक्त आवाज जोडते.”

मी घरी गेले. जेवण गेलं नाही. मालिका लिमयांची झाली, असं मी स्वतःला चार-पाच वेळा सांगून बघितलं. एकदाही बरं वाटलं नाही.

संध्याकाळी नेहा आली. मिक्सिंगच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. लिमये आधीच येऊन बसले होते, दोन खुर्च्या सोडून. ते आज छताकडे बघत नव्हते, समोर बघत होते.

“मग, कोणी घाबरवलं कॅप्टनला?” मुनीरभाईंनी विचारलं.

मी केतकीकडे बघितलं. लिमये समोरच बघत राहिले. ते मजेत असतील, असं मला वाटलं. मी माघार घेतली हे आता ऐकतील, मग एक वाक्य टाकतील, आणि ते वाक्य पुढची अठ्ठावीस वर्षं पुरेल.

“लाव, केतकी,” मी म्हणाले.

केतकीने दिवा मालवला.

पहिलं दृश्य आमच्या यानाचं. रॉस रेडिओवर बोलला. “कॅप्टन वेरिक, तुमचं यान आमच्या टप्प्यात आहे.” पाठकांचा जपून ठेवलेला आवाज खोलीत पसरला. लिमयांची मान झटकन माझ्याकडे वळली. मी पडद्यावरून नजर काढली नाही.

मग वेरिकने उत्तर दिलं.

“टप्प्यात कोण आहे, ते थोड्या वेळात दोघांनाही कळेल.”

हा कालचा वेरिक नव्हता. कालचा गुरगुरत होता. हा हळू बोलत होता, घसा कोरडा पडल्यासारखा. वाक्याच्या शेवटी त्याने गिळलेला आवंढासुद्धा आत ठेवला होता. पडद्यावर त्याचा हात खुर्चीच्या हाताखाली गेला, तळवा पुसला गेला, आणि नेमक्या त्याच जागी आवाज अर्धा श्वास अडला.

आता मी लिमयांकडे वळून बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. अंधारात त्यांचं तोंड उघडं राहिलेलं मला दिसलं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. दोघांनीही कॅप्टन बदलला होता! नेहाने एक मागितला होता. काल दोघं जिंकत होते म्हणून भाग पडला, आज दोघं घाबरतायत म्हणून पडणार. दोन भित्री माणसं चंद्राआडून एकमेकांना धमक्या देतायत. लोक हसतील. नेहाची आई काय म्हणेल, याचाही मी विचार केला. पुन्हा घ्यायला आता वेळ नव्हता. दोघांनाही हवं होतं ते काम आम्ही दोघांनी मिळून मुंबईला पाठवलं होतं.

भाग पुढे चालला. थांबवा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. लिमयांचीही झाली नसावी. त्यांनी एकदा हात उचलला आणि परत खाली ठेवला.

नेहा पुढे सरकून बसली. मी तिच्याकडे चोरून बघत होते. काल ती मधे मधे फोन बघत होती. आज फोन मांडीवर उलटा पडला होता. रॉसने दुसऱ्यांदा विचारलं, “हवा किती उरली?” आणि ती अगदी हळू म्हणाली, “अरे देवा.”

मुनीरभाई दाढीवरून फिरवत असलेला हात तसाच धरून बसले होते.

शेवट आला. दोन्ही यानं चंद्राआडून बाहेर पडली. समोरासमोर. एक चेहरा, मग दुसरा चेहरा. कोणाचं बोट कुठे आहे, ते दिसत नाही. मूळ चित्रात इथे संगीतसुद्धा नाही. मला तो भाग पाठ होता, काय होणार ते माहीत होतं, तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. दाबू नकोस, दाबू नकोस, असं मनात चाललं होतं. कोणाला उद्देशून, ते सांगता येणार नाही.

“मागे वळा,” रॉस आपल्या माणसांना म्हणाला.

“परत फिरा,” वेरिक म्हणाला.

केतकीने दिवा लावला. नेहाने डोळे पुसल्यासारखं केलं आणि मग चष्माच पुसला.

“मी एक म्हटलं होतं,” ती म्हणाली. “पण दोघं घाबरलेत, म्हणूनच सुटले ना? एक जरी शूर असता, तरी गेले होते सगळे.” ती उठली. “मी उद्या सकाळीच वर दाखवते. पास आहे, मॅम. पास आहे, सर.”

मुनीरभाईंनी केतकीकडे बघितलं. “तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

“दोघांनीही सांगितलं होतं, कोणाला सांगू नकोस म्हणून. आणि जोडल्यावर मी ऐकलं होतं. दोघांचं ऐकून मलाही भीती वाटली. म्हटलं, जमलंय, राहू दे.”

“आणि आता मी काय करू?” मुनीरभाई कपाळाला हात लावून म्हणाले. “दुरुस्त्या दोघांच्या सारख्या. एक अख्खा कॅप्टन इकडे, एक अख्खा तिकडे.”

“मालिका मंजिरीला द्या,” लिमये म्हणाले.

“नाही, शिरीषला द्या,” मी म्हणाले. त्याचं नाव माझ्या तोंडून आपोआप आलं.

“काल दुसऱ्याचा कॅप्टन भित्रा होता. आज दुसराच मोठा,” मुनीरभाई म्हणाले. “तुमचं एक काही ठरतंय का?”

नेहा दारात थांबली होती. “सर, एका भागाला एक नाव असलं की मी वर समजावू शकते. आलटून पालटून करा. फक्त,” ती जरा अडखळली, “तुम्ही दोघं एकमेकांचे भाग ऐकत जा, प्लीज. आधी.”

सगळे पांगल्यावर शिरीष माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला.

“पाठकला काय केलंस?” त्याने विचारलं.

“काठोकाठ भरलेला पेला दिला हातात. तू शिर्केंना?”

“मी काही नाही केलं. त्याला एवढंच सांगितलं, पलीकडे कोण बसलंय ते तुला दिसत नाही. त्याच्याकडे काय आहे ते तुला माहीत नाही. पण तुझ्यापेक्षा जास्त आहे, असं तुला पहिल्यापासून वाटत आलंय.” तो थांबला. “शिर्के म्हणाला, हे तुम्हाला कसं सुचलं? म्हटलं, सुचलं नाही बाबा. शेजारच्या खोलीत आहे ते.”

मला रडू आलं. लपवलं नाही. दिवसभर लपवण्याचंच काम केलं होतं.

मालिका सुरू आहे. विषम भाग माझे, सम त्याचे. या धंद्यातून मी शिकले ते असं. दोन माणसं एकमेकांना भीत असतील तर कोणाला तरी आधी मागे वळावं लागतं. आम्ही दोघं एकाच दिवशी वळलो, त्यामुळे श्रेय कोणालाच मिळालं नाही. शिवाय दोन कलाकारांच्या फुकट गेलेल्या वेळाचा विषय मुनीरभाई अजून अधूनमधून काढतात.

गेल्या आठवड्यात मी तिसरा भाग पुरा केला आणि ठरल्याप्रमाणे शिरीषला ऐकायला पाठवला. त्याचा फोन आला. मधे केतकी नाही, कोणी नाही, थेट फोन.

“ऐकलास?” मी विचारलं. “कसा झालाय?”

“छान आहे,” तो म्हणाला. “आवाज बंद करून बघितला.”